तार आपल्या शिवारातून, मानक मात्र परक्यांचे?

१८७० च्या मार्च महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावी आला होता. जलंब ते खामगाव या छोट्याशा लोहमार्गाचे उद्घाटन हे निमित्त. एवढ्या लहान फाट्यासाठी साक्षात व्हाइसरॉयने कलकत्त्याहून यावे, याचे कारण उघड होते. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात मँचेस्टरच्या गिरण्यांची उपासमार झाली होती आणि वऱ्हाडचा कापूस त्यांना हवा होता. खामगाव ही त्या कापसाची नामांकित बाजारपेठ होती. त्याच वर्षी समुद्राच्या तळाशी टाकलेल्या तारेने मुंबई सुएझमार्गे इंग्लंडशी जोडली गेली. आगगाडी आली, तार आली आणि वऱ्हाडचा कापूस थोड्या आठवड्यांत इंग्लंडच्या धक्क्यावर पोहोचू लागला.

'इंग्रजांनी आगगाडी दिली, तार दिली' असे कौतुकाने सांगणारे विद्वान आपल्याकडे आजही कमी नाहीत. तार आली हे खरेच आहे. परंतु त्या तारेवरून लिव्हरपूलचा भाव खामगावच्या बाजारात येत असे. खामगावच्या शेतकऱ्याचे म्हणणे लिव्हरपूलला जात नसे. तार कोठून जाते याला फारसे महत्त्व नसते. ती कोणी बनवली, तिचे नियम कोणी ठरवले आणि ती तुटल्यावर जोडण्याची विद्या कोणाच्या हाती आहे, यावर तिचा लाभ कोणाच्या पदरात पडणार हे ठरते. दीडशे वर्षांपूर्वी या तिन्ही प्रश्नांची उत्तरे आपल्या विरोधात होती.

आज तांब्याच्या तारेची जागा काचेच्या तंतूने घेतली आहे, आणि त्या तंतूचेही एक नवे पर्व सुरू होत आहे. एका तंतूत एकच गाभा असण्याचे दिवस मागे पडून एका तंतूत चार, सात, बारा, एकोणीस गाभे असण्याचे दिवस येत आहेत. या नव्या तंतूची विद्या बुलढाण्यापासून सुमारे दीडशे किलोमीटरवर, छत्रपती संभाजीनगरात येऊन पोहोचली आहे. असे असताना आपले नियोजनकर्ते, आपले विचारवंत आणि दुर्दैवाने आपले सुशिक्षित नागरिकही 'हे मोठ्या देशांचे खेळ आहेत, आपल्याला काय त्याचे?' असे म्हणून मोकळे होतात. या वृत्तीचा समाचार घेणे आवश्यक आहे.

केसाएवढ्या काचेतील विश्व

प्रथम विषय नीट समजून घेऊ. दूरसंचारासाठी वापरला जाणारा काचेचा तंतू १२५ मायक्रॉन जाडीचा असतो, म्हणजे माणसाच्या केसाहून किंचित जाड. त्याच्या मध्यभागी सुमारे ९ मायक्रॉनचा गाभा असतो. गाभ्याच्या काचेत जर्मेनियम मिसळून तिचा अपवर्तनांक बाहेरच्या आवरणापेक्षा किंचित वाढवलेला असतो. त्यामुळे आत सोडलेला प्रकाश गाभ्यातच बांधला जातो आणि मैलोगणती धावतो.

या शास्त्राच्या पायाभरणीत एका भारतीयाचा हात आहे. पंजाबातील मोगा येथे जन्मलेले, आग्र्यात शिकलेले डॉ. नरिंदरसिंग कपानी यांनी लंडनच्या इंपीरियल कॉलेजात हॅरॉल्ड हॉपकिन्स यांच्यासह काचतंतूंच्या जुडग्यातून प्रतिमा पाठवून दाखवली. १९५४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात त्यांचा निबंध प्रसिद्ध झाला. 'फायबर ऑप्टिक्स' हे नावही कपानींनीच रूढ केले. पुढे १९६६ मध्ये चार्ल्स काओ यांनी असे प्रतिपादन केले की, काच पुरेशी शुद्ध केली तर हा तंतू संदेशवहनासाठी वापरता येईल. एक किलोमीटर गेल्यावर मूळ प्रकाशाचा शंभरावा भाग जरी शिल्लक राहिला तरी पुरे, एवढीच त्यांची माफक अपेक्षा होती. १९७० मध्ये अमेरिकेतील कॉर्निंग कंपनीने ती पूर्ण केली. आजच्या तंतूत पंधरा किलोमीटर गेल्यावरही निम्मा प्रकाश शिल्लक असतो. काओंना २००९ मध्ये नोबेल मिळाले, कपानींना मिळाले नाही. भारताने त्यांना पद्मविभूषण दिले ते २०२१ मध्ये, मरणोत्तर. आपल्या माणसाच्या बुद्धीला परक्या प्रयोगशाळेत जागा मिळते आणि स्वदेशात सन्मान मिळतो तो निधनानंतर, ही गोष्ट केवळ एका व्यक्तीची नाही.

एका गाभ्यातून किती माहिती पाठवता येईल याला मर्यादा आहे. प्रकाशाची तीव्रता वाढवत नेली तर काचच वेडेवाकडे वागू लागते आणि संदेश स्वतःच्याच गोंगाटात बुडतो. ही व्यवहारातील मर्यादा सेकंदाला सुमारे १०० टेराबिट इतकी मानली जाते. टेराबिट म्हणजे एकावर बारा शून्ये. आकडा प्रचंड वाटतो. पण समुद्राखालच्या केबल आणि माहितीची गोदामे ज्या गतीने वाढत आहेत, त्या गतीपुढे तो अपुरा पडणार हे २००८ च्या सुमारास जपानी संशोधकांनी ओळखले. यावरचा उपाय त्यांनी शोधला तो असा: तंतू जाड न करता त्यातच अनेक गाभे बसवायचे. ही कल्पनाही नवी नव्हती. जपानच्याच फुरुकावा कंपनीने १९७९ मध्ये सात गाभ्यांचा तंतू बनवला होता. तेव्हा त्याची कोणाला गरज नव्हती, म्हणून तो कपाटात राहिला. मात्र विद्या टाकून दिली नव्हती, म्हणून तीस वर्षांनी ती कामी आली.

वेगळेपणाचे बळ

अनेक गाभे जवळ जवळ बसवले की एक अडचण उभी राहते. एका गाभ्यातील प्रकाश हळूहळू शेजारच्या गाभ्यात झिरपतो आणि दोन संदेशांची सरमिसळ होते. ती कशी होते हे समजण्यासाठी प्रयोगशाळेत जायला नको. नागपंचमीला एकाच फांदीला सारख्या लांबीचे दोन झोके बांधावेत आणि एकच हलवावा. थोड्या वेळाने दुसराही आपोआप हलू लागतो आणि पहिला मंदावतो. झोक्यांच्या दोरांची लांबी वेगवेगळी ठेवली तर मात्र एकाची गती दुसऱ्याला फारशी पोहोचत नाही. दोघेही आपापल्या तालात राहतात.

काचेतही हेच घडते. २००९ मध्ये कोशिबा, साइतो आणि कोकुबुन या जपानी शास्त्रज्ञांनी असा तंतू सुचवला की ज्यातील शेजारशेजारचे गाभे मुद्दामच भिन्न असतील. कोणाचा व्यास किंचित वेगळा, कोणाची काच किंचित वेगळी. प्रत्येक गाभ्यातील प्रकाशलहरीची चाल वेगळी असल्यामुळे शेजाऱ्यांचा ताल जुळत नाही आणि सरमिसळ एकदम घटते. परिणामी गाभे अधिक जवळ बसवता येतात. भिन्न गाभ्यांच्या या तंतूला एक पथ्य आहे. तो एका विशिष्ट वळणाने वाकवला तर बाहेरच्या बाजूच्या आणि आतल्या बाजूच्या गाभ्यांतील फरक नेमका पुसला जातो आणि सरमिसळ पुन्हा सुरू होते. म्हणून त्याची रचना करताना तो केबलमध्ये किती वाकणार याचा हिशोब आधीच करावा लागतो.

एका आवरणाखाली राहून प्रत्येकाने आपले वेगळेपण जपावे आणि त्या वेगळेपणामुळेच सर्वांचे सहजीवन निर्वेध व्हावे, हे तत्त्व आपल्या देशाला नवे नाही. मात्र या साम्यावर भाषणे करून थांबण्यात अर्थ नाही. जपान्यांनी या तत्त्वाचे गणित मांडले, काच ओढली आणि पेटंटे घेतली. आपण पहिल्या पायरीवर टाळ्या वाजवत उभे राहतो, हा आपला जुना दोष आहे.

आज या क्षेत्रात तीन मार्ग एकमेकांशी स्पर्धा करीत आहेत. पहिला, वर सांगितलेल्या भिन्न गाभ्यांचा. दुसरा, सारख्याच गाभ्यांभोवती कमी अपवर्तनांकाच्या काचेचा चर ठेवण्याचा. शेताच्या बांधाला चर खणून पाणी अडवावे तसा. तिसरा, सरमिसळ मुक्तपणे होऊ द्यायची आणि पलीकडच्या टोकाला संगणकाच्या साह्याने तिचा गुंता सोडवायचा. सारख्या गाभ्यांचा तंतू बनवायला सोपा, भिन्न गाभ्यांचा दाटीत सरस, आणि तिसऱ्या प्रकारात काचेचा भार हलका होऊन तो संगणकावर पडतो. कोणता मार्ग कोठे वापरायचा याची सर्वमान्य घडी अद्याप जगात बसलेली नाही. हीच गोष्ट आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाची आहे, कारण घडी बसण्यापूर्वी जो मेजाशी बसलेला असतो त्याचेच म्हणणे मानकात उतरते.

जग कोठे पोहोचले?

२०१२ मध्ये जपानच्या एनटीटी कंपनीने आणि तिच्या सहकाऱ्यांनी बारा गाभ्यांच्या एकाच तंतूतून ५२ किलोमीटरपर्यंत सेकंदाला १ पेटाबिट माहिती पाठवून दाखवली. पेटाबिट म्हणजे एकावर पंधरा शून्ये. २०२२ मध्ये जपानच्या राष्ट्रीय माहिती व दूरसंचार संशोधन संस्थेने तेवढीच माहिती नेहमीच्याच १२५ मायक्रॉन जाडीच्या, चार गाभ्यांच्या तंतूतून नेली. २०२५ मध्ये याच संस्थेने सुमितोमो कंपनीच्या साह्याने एकोणीस गाभ्यांच्या, त्याच जाडीच्या तंतूतून सेकंदाला १ पेटाबिट एवढी माहिती तब्बल १,८०८ किलोमीटर दूर पोहोचवली. हा शेवटचा प्रयोग वरील तिसऱ्या मार्गाचा होता.

हे सारे प्रयोगशाळेतच राहिले आहे, असेही नाही. २०२३ मध्ये गुगल आणि जपानच्या एनईसी या कंपन्यांनी तैवान, फिलिपाइन्स आणि अमेरिका यांना जोडणाऱ्या समुद्री केबलमध्ये दोन गाभ्यांचा तंतू वापरण्याची घोषणा केली. समुद्री केबलमध्ये जागा मोजकी आणि वीजही मोजकी. तेथे अनेक गाभ्यांचा लाभ सर्वप्रथम मिळतो.

आपल्या अंगणातील काच

आता आपल्या घरात काय चालले आहे ते पाहू. छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींत स्टरलाइट टेक्नॉलॉजीज ही कंपनी अनेक वर्षे काचेच्या मूळ दांड्यापासून तंतूपर्यंतची सर्व कामे करते. या मूळ दांड्याला 'प्रीफॉर्म' म्हणतात. सुमारे दोन हजार अंश उष्णतेच्या भट्टीत तो दांडा तापवून, ओढून त्याचा केसासारखा तंतू होतो. तंतूची खरी विद्या या दांड्यात असते. तो बनवू शकणाऱ्या कंपन्या जगात मोजक्याच आहेत. याच कंपनीने २०२२ मध्ये 'मल्टीवर्स' या नावाने भारतातील पहिला बहुगाभा तंतू सादर केला. नेहमीच्या तंतूच्या चौपट क्षमता, असे त्याचे वर्णन केले गेले. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या सी-डॉट या संस्थेने याच कंपनीच्या चार गाभ्यांच्या तंतूवरून १०० किलोमीटरहून अधिक अंतरापर्यंत क्वांटम कूटकिल्ली पाठवण्याचा प्रयोग यशस्वी केला. एका गाभ्यातून अतिशय क्षीण असा क्वांटम संकेत आणि इतर गाभ्यांतून नेहमीची माहिती, असा हा प्रयोग होता. क्षीण संकेताला प्रबळ शेजाऱ्यापासून वेगळे ठेवण्याची जी युक्ती, तीच येथे राष्ट्राच्या गुप्ततेच्या रक्षणासाठी कामी येते. बहुगाभा तंतू ही केवळ वेगाची चैन नाही, हे यावरून कळावे.

या उद्योगाचे महत्त्व आपल्याला कळले नसेल, पण ते चीनला कळले आहे. २०१४ मध्ये चीनने भारतीय काचतंतूवर अवपातविरोधी शुल्क लावले आणि २०२० मध्ये ते पुढे चालू ठेवले. भारताने चीन, इंडोनेशिया आणि दक्षिण कोरियाच्या तंतूवर असे शुल्क लावले ते २०२३ मध्ये. म्हणजे आपल्या काचेपासून स्वतःच्या बाजारपेठेचे रक्षण करण्याची बुद्धी चीनला झाल्यानंतर तब्बल नऊ वर्षांनी आपल्याला तशी बुद्धी झाली! स्वस्त मिळते म्हणून परके घ्यायचे आणि आपला कारखाना बंद पडला की परक्याने भाव वाढवायचे, हा अनुभव या देशाने कापडापासून खेळण्यांपर्यंत घेतला आहे.

तीन आक्षेप, तीन उत्तरे

बहुगाभा तंतूचा विषय काढला की तीन आक्षेप ठरलेले असतात.

पहिला आक्षेप: गावाला याची गरज काय? संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या ग्रामपंचायतीला पेटाबिट घेऊन काय करायचे आहे? आक्षेप अर्धा खरा आहे आणि तो मान्य करण्यात कमीपणा नाही. ग्रामपंचायतीपर्यंत एका गाभ्याचा साधा तंतू पुरेसा आहे, पुढची कित्येक वर्षे पुरेल. बहुगाभा तंतूची जागा मुख्य वाहिन्यांत, माहितीच्या गोदामांत आणि समुद्रात आहे. परंतु जे गावाच्या नावाने हा प्रश्न विचारतात, त्यांनी गावातील साध्या तंतूची काय अवस्था केली? ऑक्टोबर २०११ मध्ये राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याला मंजुरी मिळाली. पुढची कितीतरी वर्षे प्रगती मोजली गेली ती किलोमीटरमध्ये. किती किलोमीटर केबल टाकली हे सांगितले गेले. किती गावांत प्रकाश प्रत्यक्ष वाहतो हे कोणी विचारले नाही. तालुक्यापासून गावापर्यंत एकेरी ओळीत केबल टाकली, त्यामुळे मध्ये कोठे जेसीबीचा दात लागला की पुढची सारी गावे अंधारात! देशातील अनेक ग्रामपंचायतींच्या भिंतीवर पेटी आहे, पण तिचा दिवा लागत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित भारतनेट योजना मंजूर केली. तीत गावे वर्तुळाकार जोडायची आणि दहा वर्षे देखभाल करायची, अशी तरतूद आहे. चूक सुधारली हे चांगलेच झाले. पण ती चूक करण्यात बारा वर्षे गेली. एका गाभ्याच्या तंतूबाबत जो हलगर्जीपणा झाला तोच चार गाभ्यांच्या तंतूबाबत झाला, तर एका घावात चौपट अंधार होईल. गावाचा कळवळा असणाऱ्यांनी देखभालीच्या विद्येची मागणी करावी, नव्या विद्येला विरोध करू नये.

दुसरा आक्षेप: जग संशोधन करीत आहे, ते सिद्ध झाले की आपण विकत घेऊ. हा व्यवहारी शहाणपणाचा आव आहे. बहुगाभा तंतू हा बाजारातून आणून जोडला आणि झाले, असा माल नव्हे. साध्या तंतूचे दोन तुकडे जोडताना मध्याला मध्य जुळला की भागते. चार गाभ्यांच्या तंतूत पहिल्या गाभ्याला पहिला आणि तिसऱ्याला तिसराच जुळला पाहिजे, म्हणून तंतू स्वतःभोवती अचूक फिरवून बसवावा लागतो. गाभे ओळखू यावेत म्हणून काचेत खूण ठेवावी लागते. टोकाला चार गाभे चार वेगळ्या तंतूंत फोडणारे साधन लागते. गाभ्यांतील अंतर किती, खूण कोठे, क्रमांक कोणत्या दिशेने मोजायचे, हे सर्व मानकात लिहिले जाते. ते मानक ज्याच्या काचेला साजेसे असेल त्याचे जोडयंत्र, त्याची साधने आणि त्याची पेटंटे पुढची तीस वर्षे साऱ्या जगाला विकत घ्यावी लागतील. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाने २०२२ मध्येच या विषयावर तांत्रिक अहवाल काढला आहे. विकत घ्यायला शेवटी जाणारा गिऱ्हाईक हा मानक ठरवणाऱ्यांत कधीही नसतो. १८७० मध्ये खामगावच्या बाजारात जे झाले, ते वेगळ्या नावाने पुन्हा व्हावे अशी ज्यांची इच्छा असेल त्यांनी हा आक्षेप खुशाल घ्यावा.

तिसरा आक्षेप: हे खाजगी कंपनीचे काम आहे, सरकारने आणि समाजाने त्यात का पडावे? कंपनीने नफा कमवावा, हे तिचे कामच आहे आणि कोणत्याही एका कंपनीची तळी उचलून धरण्याचे या लेखाला कारण नाही. आज एक आहे, उद्या पाच असाव्यात. परंतु कोणतीही कंपनी नवा तंतू विकायला गेली की पहिला प्रश्न येतो: तुमच्या देशात तो कोठे टाकला आहे? प्रत्यक्ष जमिनीत, उन्हापावसात, तो किती वर्षे टिकला? या प्रश्नाचे उत्तर कंपनी एकटी देऊ शकत नाही. ते उत्तर राज्य आणि राष्ट्र देते. सर्वात कमी दराची निविदा एवढा एकच निकष ज्या व्यवस्थेला ठाऊक आहे, ती व्यवस्था स्वदेशी नवनिर्मितीला पहिली संधी कधीच देणार नाही, कारण पहिली वस्तू नेहमीच महाग असते.

डोंगरातील एका शहराचा धडा

इटलीत लाक्विला नावाचे एक शहर आहे. डोंगरात वसलेले, लोकवस्ती सत्तर हजारांच्या आसपास. म्हणजे आपल्या बुलढाणा शहराएवढेच. २००९ च्या भूकंपात ते उद्ध्वस्त झाले. पुनर्बांधणी करताना रस्त्याखाली सर्व वाहिन्यांसाठी सामाईक बोगदा बांधला गेला आणि २०१९ मध्ये त्यात बहुगाभा तंतूंची केबल टाकून तेथील विद्यापीठाच्या हाती दिली गेली. प्रयोगशाळेबाहेर, खऱ्या शहराच्या पोटात असे तंतू टाकण्याचा हा जगातील पहिला प्रयोग मानला जातो. त्यानंतर जगभरचे संशोधक आपले प्रयोग घेऊन त्या लहानशा शहरात येऊ लागले. तेथे ना रोम होते, ना मिलान. होते ते एक विद्यापीठ आणि संकटातून संधी साधण्याची बुद्धी.

बुलढाण्याला अशी बुद्धी सुचू नये, असे कोणते कारण आहे? मुंबई ते नागपूर हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग सिंदखेडराजा, मेहकर या आपल्या भागांतून जातो. त्याचा पहिला टप्पा डिसेंबर २०२२ मध्ये आणि शेवटचा जून २०२५ मध्ये खुला झाला. या मार्गालगत दूरसंचार वाहिन्यांचा विचार नियोजनापासूनच होता. त्याच मार्गावर छत्रपती संभाजीनगर आहे, जेथे ही काच ओढली जाते. जिल्ह्याच्या उत्तर अंगाने मुंबई-हावडा लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, शेगावावरून जातो. अजिंठ्याच्या डोंगररांगेने जिल्ह्याचे घाटावर आणि घाटाखाली असे दोन भाग केले आहेत. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसाळ्यात फुगणारी काळी कसदार माती, पूर्णेच्या खोऱ्यातील खारपाण पट्टा, घाटातील खडक, चाळिशी पार करणारा वैशाखातील पारा: केबलची परीक्षा घ्यायला याहून कठोर परीक्षक कोठे मिळणार? जपानच्या थंड प्रयोगशाळेत जे कळणार नाही, ते येथील एका वर्षाच्या ऋतुचक्रात कळेल. काळ्या मातीच्या हालचालीने तंतू कसा वाकतो आणि त्या वाकण्याने भिन्न गाभ्यांतील फरक कोठे पुसला जातो, हा प्रश्न तर आपल्याच भूमीत विचारण्यासारखा आहे.

मागण्या कोणत्या?

केवळ तक्रार करणे हा या लेखाचा हेतू नाही. मागण्या स्पष्ट आहेत.

पहिली मागणी: समृद्धी महामार्गालगत संभाजीनगर ते मेहकर या टप्प्यात बहुगाभा तंतूचा सार्वजनिक चाचणीमार्ग उभारावा. तो कोणत्याही एका कंपनीच्या मालकीचा नसावा. सी-डॉट आणि राज्य शासन यांनी तो चालवावा. देशातील प्रत्येक उत्पादकाला आणि विद्यापीठाला त्यावर प्रयोग करता यावेत. सारखे गाभे आणि भिन्न गाभे हे दोन्ही प्रकार त्यात शेजारीशेजारी असावेत.

दुसरी: शेगावच्या श्री संत गजानन महाराज अभियांत्रिकी महाविद्यालयासारख्या संस्थांत आणि तालुक्यांच्या औद्योगिक प्रशिक्षण संस्थांत तंतू जोडण्याचे व तपासण्याचे शिक्षण सुरू व्हावे. गवंडी, वायरमन, फिटर यांच्याइतकाच प्रतिष्ठेचा हा व्यवसाय आहे. बहुगाभा तंतू जोडणारा कुशल हात उद्या मुंबईच्या माहिती-गोदामांत आणि समुद्री केबलच्या स्थानकांत लागेल. तो हात मोताळ्याचा किंवा चिखलीचा का असू नये? आज समुद्री केबल तुटली तर दुरुस्तीसाठी परदेशी जहाजाची वाट पाहावी लागते, याकडे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०२३ मध्येच लक्ष वेधले आहे. ज्याला दुरुस्ती येत नाही, त्याची मालकी कागदावरची असते.

तिसरी: मानक ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय समित्यांत भारताचे तज्ज्ञ नियमितपणे आणि पूर्ण तयारीने बसावेत. दूरसंचार विभागाच्या टेलिकम्युनिकेशन इंजिनिअरिंग सेंटरने भारतीय परिस्थितीचा विचार करणारा स्वतःचा मसुदा लवकरात लवकर मांडावा.

चौथी: कच्च्या मालाकडे लक्ष द्यावे. गाभ्यासाठी लागणारे जर्मेनियम आपण आयात करतो. ऑगस्ट २०२३ पासून चीनने त्याच्या निर्यातीवर परवान्याचे बंधन घातले आहे. तंतू ओढताना तो थंड करण्यासाठी लागणारा हेलियमही आपण बाहेरूनच आणतो. कारखाना स्वदेशी आणि त्याची किल्ली परक्याच्या खिशात, ही स्थिती किती दिवस चालायची?

पाचवी मागणी शासनाकडे नसून आपल्या स्वतःकडे आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारने 'खोदण्यापूर्वी कळवा' असे सांगणारी व्यवस्था सुरू केली. गावात रस्ता, गटार किंवा नळयोजनेचे काम निघाले की आपल्यापैकी किती जण ठेकेदाराला विचारतात की खाली केबल आहे का, हे पाहिलेत का? ग्रामसभेत हा प्रश्न विचारायला ना पैसा लागतो, ना पदवी. ग्रामपंचायतीतील पेटीचा दिवा लागतो का, लागत नसेल तर किती दिवसांपासून, याची नोंद प्रत्येक गावातील दोन तरुणांनी ठेवली तरी पुष्कळ होईल. राष्ट्राची संपत्ती सांभाळणे हे केवळ सीमेवरच्या सैनिकाचे काम नाही. आपल्या शिवारातील चार फूट खोल पुरलेली काच ही देखील राष्ट्राची संपत्ती आहे.

१८७० ची तार आपल्याला विचारून आली नव्हती. तेव्हा आपण पारतंत्र्यात होतो, म्हणून त्या पिढीला दोष देता येणार नाही. आज काच आपली आहे, ती ओढणारे हात आपले आहेत, मार्ग आपल्या जिल्ह्यातून जातो आणि तिचे नियम अजून पक्के व्हायचे आहेत. एवढे सारे हाती असताना आपण पुन्हा केवळ कडेला उभे राहून जाणारी तार पाहत बसलो, तर पुढच्या पिढीला द्यायला आपल्याकडे पारतंत्र्याची सबब असणार नाही.